'इन्फंट' : न बोलणाऱ्याचे नाव

(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जून महिन्यात शाळा उघडते आणि पहिलीच्या वर्गात नवी मुले येऊन बसतात. काही मुले पहिल्याच दिवशी किलबिल करू लागतात, काही आईचा पदर सोडताना रडतात, आणि एखादे मूल असे असते की, ते रडतही नाही आणि बोलतही नाही. नाव विचारले तर खाली पाहते. हजेरी घेताना शेजारची मुलगीच त्याच्या वतीने "आलाय" म्हणून सांगते. आषाढ सरतो, श्रावण लागतो, तरी वर्गात त्याचा शब्द ऐकू येत नाही. मग एके दिवशी शिक्षक नोंदवही उघडतात आणि त्या मुलाच्या नावापुढे दोन शब्द लिहितात : "बोलत नाही."

ही नोंद खोटी नसते. परंतु ती पुरी असते काय, ह्याचा विचार करणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे. आणि त्या विचाराचे साधन म्हणून एक इंग्रजी शब्द निवडला आहे. तो शब्द म्हणजे 'इन्फंट'. लहान मूल, तान्हे बाळ, असा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मराठी शाळेतील शिक्षकाला एका इंग्रजी शब्दाच्या व्युत्पत्तीशी काय कर्तव्य, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, हा शब्द म्हणजे मुळात तशीच एक नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी लहान मुलाच्या नावापुढे "बोलत नाही" असे लिहिले, आणि ती नोंद आजतागायत पुसली गेलेली नाही. एका नोंदीचे पुढे काय काय होते, हे ह्या शब्दाच्या चरित्रावरून उत्तम रीतीने समजते.

शब्दाची फोड

'इन्फंट' हा शब्द इंग्रजीचा स्वतःचा नव्हे. १०६६ साली फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. तेव्हापासून दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली आणि त्या वाटेने असंख्य शब्द इंग्रजीत शिरले. फ्रेंच भाषेत मुलाला 'आंफां' म्हणतात. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला आणि पुढे मूळ लॅटिन रूपाच्या धर्तीवर 'इन्फंट' असा स्थिर झाला. मूळ लॅटिन शब्द 'इन्फान्स'. त्याची फोड सोपी आहे. 'इन्' म्हणजे न. आणि 'फान्स' म्हणजे बोलणारा. जो बोलत नाही तो 'इन्फान्स'.

येथवर ही फोड परकी वाटेल. परंतु आणखी एक पाऊल मागे गेले की ती मराठी माणसाच्या घरात येऊन पोहोचते. लॅटिनमधील नकारार्थी 'इन्' आणि संस्कृतमधील 'अ' किंवा 'अन्' हे एकाच मूळचे उपसर्ग आहेत. तसेच लॅटिनमधील 'फारी', म्हणजे बोलणे, ह्या क्रियापदाचा संस्कृतमधील नातेवाईक म्हणून भाषाशास्त्रज्ञ 'भण्' ह्या धातूकडे बोट दाखवितात. ह्याच 'भण्' धातूपासून, प्राकृत 'भणइ' ह्या रूपातून, आपले रोजचे 'म्हणणे' हे क्रियापद आले आहे. म्हणजे 'इन्फंट' ह्या शब्दाचे मराठी भाषांतर करावयाचे, तर 'न म्हणणारा' हे केवळ अर्थानेच नव्हे, तर कुळानेही त्याच्या जवळचे ठरेल.

ह्या कुळाचा विस्तार मोठा आहे. ज्याच्याविषयी लोक बोलतात त्याची 'फेम', म्हणजे कीर्ती. सांगितली जाते ती 'फेबल', म्हणजे बोधकथा. दैवाने बोलून ठेवले ते 'फेट', म्हणजे प्रारब्ध. ग्रंथाच्या आधी बोलावयाचे ते 'प्रीफेस', म्हणजे प्रस्तावना. ग्रीक भाषेतील ध्वनिवाचक 'फोन' हा शब्दही ह्याच मूळ धातूचा मानतात. तो आता खेडोपाडी प्रत्येकाच्या खिशात आहे. चारचौघांसमोर आपले ज्ञान उघडपणे बोलून दाखविणारा तो 'प्रोफेसर', आणि हाही शब्द त्याच वंशातला. मराठीत तर 'म्हणणे' ह्याच्या शेजारी 'म्हण' बसलेलीच आहे. एका टोकाला प्रोफेसर आणि दुसऱ्या टोकाला इन्फंट, अशी ही भावंडे आहेत. त्यांच्यामधील अंतर कापण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांत प्राथमिक शिक्षक अग्रभागी असतो.

तीन नावे, तीन दृष्टी

मुलासाठी इंग्रजीत आणखीही शब्द आहेत. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तर भागात मुलाला 'बेअर्न' म्हणतात. हा अस्सल जुना शब्द. तो 'वाहणे, धारण करणे' ह्या अर्थाच्या धातूपासून आला असून संस्कृत 'भृ' धातू त्याचा आप्त आहे. 'भार', 'भरण', 'गर्भभार' ह्या शब्दांत तो दिसतो. आईने ज्याला उदरात वाहिले तो 'बेअर्न'.

दुसरा शब्द 'बेबी'. त्याचे जुने रूप 'बेब'. मूल सहासात महिन्यांचे झाले की, ओठांवर ओठ आपटून 'बाबाबा' असे काहीतरी म्हणू लागते. त्याच्या ह्या ध्वनीचे अनुकरण करून हा शब्द झाला असावा, असे मानले जाते. ओठांनी उच्चारावयाचे ध्वनी मुलाला लवकर साधतात, म्हणून जगातील कितीतरी भाषांत 'बाबा', 'पापा', 'मामा' असे घरगुती शब्द आढळतात.

आता ही तीन नावे शेजारी ठेवून पाहावीत. 'बेअर्न' हे नाव आईशी असलेल्या नात्यावरून पडले. 'बेबी' हे नाव मूल जे करते त्यावरून पडले. 'इन्फंट' हे नाव मात्र मूल जे करीत नाही त्यावरून पडले. बाळ तेच, पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी निराळी. शिक्षकाच्या नोंदवहीतही ह्या तीन दृष्टी असू शकतात, हे येथेच ध्यानात ठेवावे.

रोमन कायद्यातील मूल

रोमन लोक कायद्याचे भोक्ते होते. त्यांच्या जुन्या कायद्यात एक महत्त्वाचा करार केवळ तोंडाने होत असे. एकाने ठराविक शब्दांत विचारावयाचे, "देण्याचे वचन देतोस काय?" आणि दुसऱ्याने तोच शब्द उचलून म्हणावयाचे, "वचन देतो." प्रश्न आणि उत्तर उच्चारले गेले की करार पुरा. अर्थात् जो बोलू शकत नाही, त्याला असा करार करता येत नसे. मुका मनुष्य आणि 'इन्फान्स', दोघेही ह्या व्यवहाराबाहेर राहत.

प्रारंभी 'इन्फान्स' म्हणजे ज्याला खरोखरच बोलता येत नाही असे मूल. पुढे रोमन कायद्याने ही अवस्था सातव्या वर्षापर्यंत ओढली. सहा वर्षांचे मूल दिवसभर बडबड करीत असले, तरी कायद्याच्या कानाला ते ऐकू येत नसे. येथे शब्दाचा अर्थ हळूच बदलला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 'ज्याला बोलता येत नाही' येथपासून 'ज्याचे बोलणे हिशेबात धरावयाचे नाही' येथवर तो सरकला. त्यात मुलाचे संरक्षणही होते; अजाण वयात दिलेल्या शब्दाने त्याचे नुकसान होऊ नये, हा हेतू चांगलाच होता. सात वर्षांची ती सीमा आजही कायद्यात दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २० व्या कलमानुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही.

बाप गेलेल्या अशा अल्पवयी मुलाच्या वतीने व्यवहार पाहण्यासाठी रोमन कायदा एक पालक नेमीत असे. त्याला 'ट्यूटर' म्हणत. 'ट्यूटर' म्हणजे सांभाळणारा, राखण करणारा. ज्याला अजून शब्द नाही, त्याच्या वतीने जो बोलतो तो ट्यूटर. हाच शब्द पुढे इंग्रजीत शिक्षकाला लावण्यात आला. आज शिकवणी घेणाऱ्यास ट्यूटर म्हणताना कोणाला ही जुनी जबाबदारी आठवत नाही. परंतु शब्दाच्या पोटात ती अजून आहे.

पायदळ आणि राजकन्या

रोमचे साम्राज्य गेले, पण शब्द राहिला आणि दूरवर फिरला. इटालियन भाषेत 'इन्फान्ते' ह्याचा अर्थ पोरगा, आणि त्यावरून घोडेस्वार सरदाराच्या मागे पायी चालणारा तरुण सैनिक, असा झाला. अशा पायी सैनिकांचे दळ ते 'इन्फंट्री'. १७६८ साली उभ्या राहिलेल्या पलटणीपासून परंपरा सांगणाऱ्या आणि बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाव महाराष्ट्रातील खेड्यांना नवे नाही. तिच्या जवानाचा भाऊ किंवा मुलगा अनेक शिक्षकांच्या वर्गात बसलेला असेल. त्या नावातील 'इन्फंट्री' म्हणजे मुळात 'पोरांचे दळ'. ज्यांनी हुकूम ऐकावा आणि उलट बोलू नये, अशा पोरांचे.

स्पेन आणि पोर्तुगाल ह्या देशांत राजाच्या मुलाला 'इन्फान्ते' आणि मुलीला 'इन्फान्ता' म्हणत. पोर्तुगालची इन्फान्ता कॅथरीन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याच्याशी ठरला, तेव्हा १६६१ सालच्या तहान्वये मुंबई बेट इंग्लंडला आंदण देण्यात आले. विवाह १६६२ साली झाला, आणि १६६८ साली राजाने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. करार झाला तेव्हा ही राजकन्या बावीस वर्षांची होती, तरी तिची पदवी 'न बोलणारी' ह्याच अर्थाच्या शब्दापासून आलेली होती.

इंग्लंडच्या न्यायालयांत तर ह्या शब्दाने आणखी लांबचा पल्ला गाठला. तेथे एकवीस वर्षे पुरी होईपर्यंत प्रत्येक जण कायद्याच्या भाषेत 'इन्फंट' होता. दाढीमिशा फुटलेला, नांगर धरणारा वीस वर्षांचा गडीही दाव्याच्या कागदात 'इन्फंट'च. १९६९ च्या कायद्याने ही मर्यादा अठरा वर्षांवर आणली आणि 'इन्फंट' ह्याऐवजी 'मायनर' म्हणजे अल्पवयीन असे म्हणण्यास मुभा दिली. एकदा लिहिलेली नोंद किती चिवट असते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

शब्द शाळेच्या दारात

हाच शब्द शाळेच्या दारात आला, तो स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क ह्या गावी. क्लाइड नदीच्या काठी तेथे सूतगिरणी होती. तिचा चालक रॉबर्ट ओवेन ह्याने १ जानेवारी १८१६ रोजी कामगारांच्या मुलांसाठी एक संस्था उघडली. तीत जी मुले नुकती चालू लागली आहेत, त्यांच्यासाठीही एक वर्ग होता. ही इंग्रजी मुलखातील 'इन्फंट स्कूल'ची सुरुवात मानली जाते.

ह्या वर्गासाठी ओवेनने शिक्षक कोण निवडले, हे पाहण्यासारखे आहे. एक होता जेम्स बुकॅनन, फारसे लिहिता-वाचता न येणारा विणकर. दुसरी होती मॉली यंग, गिरणीतील सतरा वर्षांची मुलगी. दोघांची पात्रता एकच : मुलांवर अपार माया आणि अखंड धीर. ओवेनच्या सूचनाही मोजक्या होत्या. कोणत्याही मुलाला मारू नये. शब्दाने किंवा आविर्भावाने धाक घालू नये. चेहरा प्रसन्न आणि आवाज मृदू असावा. एवढ्या लहानांना पुस्तकांनी त्रस्त करू नये. भोवतालच्या वस्तू दाखवाव्यात, आणि मुलाचे कुतूहल जागे झाले की गप्पांच्या ओघात त्यांचे गुणधर्म व उपयोग सांगावेत. 'न बोलणाऱ्यां'च्या शाळेचा पाया गप्पांवर घातला गेला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

पुढे ही नावे सरकारी शिक्षणखात्याबरोबर हिंदुस्थानात आली. मराठी शाळांत पहिलीच्या आधी जो 'बिगरी'चा वर्ग असे, तो इंग्रजी कागदोपत्री 'इन्फंट क्लास' म्हणून नोंदला जाई. नाव आले, परंतु नावाबरोबर न्यू लॅनार्कमधील गप्पा आणि धीर आला, असे सर्वत्र म्हणता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी आली ती छडी आणि घोकंपट्टी.

ह्या बाबतीत महाराष्ट्राने स्वतःची वाट शोधली, ती ताराबाई मोडक ह्यांच्या हाताने. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ ह्यांच्या साथीने ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. 'अंगणवाडी' ह्या नावात त्या विचाराची खूण आहे, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ते नाव देशभर पोहोचले. 'इन्फंट क्लास' ह्या नावात मुलाचे उणे सांगितले आहे. 'अंगणवाडी' ह्या नावात मुलाचे घर सांगितले आहे.

न बोलणारे मूल काय जाणते

आता मूळ नोंदीकडे वळावे. मूल बोलत नाही, हे रोमन लोकांचे निरीक्षण खरे. परंतु बोलत नाही म्हणजे त्याला भाषा नाही, हा निष्कर्ष मात्र खोटा, असे गेल्या काही दशकांतील शास्त्रीय प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

१९७१ साली अमेरिकेत पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महिन्याच्या व चार महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. बाळाच्या तोंडात चोखणी दिली आणि एकच ध्वनी पुनःपुन्हा ऐकविला. ऐकून कंटाळा आला की बाळाचे चोखणे मंदावते. ध्वनी नवा वाटला की ते पुन्हा जोराने चोखू लागते. 'बा' बदलून 'पा' केला, तेव्हा बाळांचे चोखणे वाढले. म्हणजे ज्यांना अद्याप मानही धरता येत नाही, अशी बाळे 'ब' आणि 'प' ह्यांतील भेद ओळखीत होती.

१९८४ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग भारतीय शिक्षकांना विशेष मनोरंजक वाटेल. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज ह्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' हे वर्ण ऐकविले. इंग्रजीत हा भेद नाही, आणि तेथील प्रौढांना तो सहजी ऐकूही येत नाही. परंतु सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ऐकू आला. हीच गोष्ट दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तपासली, तेव्हा बहुतेकांना तो भेद करता येईना. तोंडातून पहिला शब्द फुटण्याच्या सुमारासच मुलाच्या कानाने घरच्या भाषेचे वर्ण निवडून घेतले होते आणि बाकीचे बाजूला सारले होते. वर्षभर जे मूल 'न बोलणारे' म्हणून ओळखले गेले, ते त्या वर्षात घरची भाषा ऐकून ऐकून आपलीशी करीत होते.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ऐकणे हे बोलण्याच्या आधीचे काम आहे. मौनाचा काळ रिकामा नसतो. दुसरी, शाळेत पाऊल टाकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या मागे भाषेच्या अभ्यासाची सहा वर्षे उभी असतात. ते कोरी पाटी घेऊन आलेले नसते.

दुसऱ्यांदा 'इन्फंट'

मग असे मूल वर्गात का बोलत नाही? ह्याचे एक मोठे कारण असे की, घरी बोलते असलेले मूल शाळेच्या उंबऱ्यावर दुसऱ्यांदा 'इन्फंट' होते. खानदेशातील अहिराणी घरात मुलगा 'आंडोर' आणि मुलगी 'आंडेर' असते, 'इथे' ह्याला 'आठे' म्हणतात. तळकोकणातील मालवणी घरात मुलगा 'झील' आणि मुलगी 'चेडू'. वऱ्हाडात 'पोट्टा' आणि 'पोट्टी'. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी घरातील मुलाची स्थिती तर ह्याहून बिकट. कारण कोरकू ही मुंडा कुळातील व गोंडी ही द्राविड कुळातील भाषा, मराठीपासून सर्वस्वी वेगळी. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर हिंडणाऱ्या मुलाला तर वर्षातून दोन वेळा नवा गाव आणि नवे बोलणे. ह्या मुलांना भाषा येत नाही असे नव्हे. शाळेला त्यांची भाषा येत नाही. मूल उत्तर मनात तयार करते, ते घरच्या शब्दांत असते, एकदोन वेळा त्या शब्दाला वर्ग हसतो, आणि मूल गप्प होते. शहाणे मूल लवकर गप्प होते.

दुसरे कारण भीती. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत होऊन गेलेल्या संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या आत्मनिवेदनात बालपणाची हकीकत सांगितली आहे. 'इन्फान्स' ही अवस्था संपवून आपण बोलता मुलगा कसे झालो, हेही त्यांनी त्यात लिहिले आहे. लॅटिन ही भाषा त्यांना दायांच्या लाडाकोडात, थट्टामस्करीत, कसलेही भय न बाळगता आली. ग्रीक मात्र शाळेत धमक्या आणि शिक्षा ह्यांच्या जोरावर शिकविण्यात आली, आणि तिचा त्यांना तिटकारा आला. पुढे ते अलंकारशास्त्राचे अध्यापक झाले; अशा बुद्धिमान मुलाचीही धाकाने ही दशा झाली. त्यांच्याही आधी तीनशे वर्षे रोममधील थोर शिक्षक क्विंटिलियन ह्याने मुलांना मारण्याचा स्पष्ट निषेध केला होता आणि अक्षरओळख खेळातून व्हावी म्हणून हस्तिदंती अक्षरे हाती द्यावीत, असे सुचविले होते. आज भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेस व मानसिक त्रासास मनाई करते, आणि २९ वे कलम शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते. कायदा आता आला. शहाणपण मात्र जुने आहे.

तिसरे कारण शरीराचे. काही मुले बोलत नाहीत, कारण त्यांना नीट ऐकू येत नाही. अशा मुलाला हट्टी किंवा मंद ठरविणे हा त्याच्यावर घोर अन्याय होय.

शिक्षकाने काय करावे

उपाय साधे आहेत, आणि त्यांना खर्च नाही.

पहिला, श्रवणाची खात्री करावी. मुलाच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात त्याचे नाव घ्यावे, डब्यात खडे वाजवावेत. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. ती मुलाला पुरती उमगली आणि त्याने प्रतिसाद दिला, तरी शंका उरल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून कान अवश्य तपासून घ्यावेत. २०१३ पासून सुरू असलेल्या ह्या कार्यक्रमात श्रवणदोषाची तपासणी समाविष्ट आहे.

दुसरा, घरच्या शब्दाला फळ्यावर जागा द्यावी. 'मुलगा' ह्या शब्दाशेजारी 'आंडोर' किंवा 'झील' लिहिल्याने मराठी बिघडत नाही. मुलाला मात्र असे कळते की, आपल्या आईचे बोलणे शाळेच्या खडूने लिहिण्याजोगे आहे. शिक्षकाला ते शब्द येत नसतील, तर मुलाकडूनच विचारून घ्यावेत. त्या क्षणी मूल शिक्षक होते आणि बोलू लागते.

तिसरा, प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकेतील मेरी बड रो ह्या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण करून असे दाखविले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच वाट पाहतात. ही वाट तीन सेकंदांवर नेली, तेव्हा उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. परक्या बोलीत उत्तर जुळविणाऱ्या मुलाला तर ह्याहून अधिक अवधी हवा. तेवढे थांबणे हेही अध्यापनच होय.

चौथा, तोंडाशिवाय उत्तर देण्याची वाट मोकळी ठेवावी. बोट दाखवून, चित्र काढून, खडे मांडून, शेजाऱ्याच्या कानात सांगून दिलेले उत्तरही उत्तरच समजावे. बोलण्याची सक्ती करू नये आणि बोलण्याची आशाही सोडू नये.

पाचवा उपाय नोंदीचा, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा सारा भर त्यावर आहे. "बोलत नाही" एवढेच लिहून वही मिटू नये. मूल काय करते, हे पाहून लिहावे. "सांगितलेली वस्तू आणून देते. गोष्ट ऐकताना हसण्याच्या जागी हसते. मधल्या सुट्टीत बहिणीशी घरच्या बोलीत बोलते. बैलाचे चित्र काढले. शिंगे, वेसण, घुंगरमाळ सर्व दाखविले." अशी चार वाक्ये लिहिण्यास चार मिनिटे लागतील. परंतु ती लिहिण्यासाठी चार दिवस त्या मुलाकडे पाहावे लागेल, आणि खरा लाभ त्या पाहण्यातच आहे. पुढील वर्षी दुसऱ्या शिक्षकाच्या हाती ती वही जाईल. "बोलत नाही" हे वाचून ते त्या मुलाला प्रश्न विचारणे सोडून देतील. वरील चार वाक्ये वाचून ते बैलाविषयी विचारतील.

रोमन लोकांनी लिहिलेली नोंद कायद्याने एकवीस वर्षांपर्यंत ओढली, सैन्याने पलटणीला लावली, राजघराण्याने राजकन्येला दिली, आणि शाळेने वर्गाच्या दारावर रंगविली. मूल मात्र तेव्हाही ऐकत होते आणि आजही ऐकत आहे. श्रावणात ज्याच्या नावापुढे "बोलत नाही" असे लिहिले गेले, ते मूल दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येईल, तेव्हा हजेरीच्या वेळी शेजारच्या मुलीने त्याच्या वतीने उत्तर देण्याआधी शिक्षकाने तीन सेकंद थांबून पाहावे.